समुपदेशनासाठी नंबर लागेपर्यंत काय करायचं? आणि परवडणारं शोधायचं कसं?

रानजाई (सोमवार, रात्री ११:५०)

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. पहिले तीन-चार महिने कागदपत्रं, बँका, आईची औषधं यातच गेले. मी सावरले आहे असं मलाही वाटत होतं. मग हळूहळू झोप गेली. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ऑफिसात एकच मेल चार-चारदा वाचते. कुणी साधं 'कशी आहेस?' विचारलं तरी घसा दाटून येतो. मैत्रीण मागेच लागली म्हणून एका मोठ्या रुग्णालयाच्या समुपदेशन विभागात नाव घातलं. फी नाममात्र आहे, पण नंबर लागायला 'साधारण चौदा आठवडे' म्हणाले. खासगी ठिकाणी दोन फोन केले. एका ठिकाणी परवाच या म्हणत होते, पण एका सेशनची फी ऐकून मी 'बघते' म्हणून फोन ठेवून दिला. दर आठवड्याला तेवढे पैसे काढणं मला जमणार नाही, आणि तसं फोनवर सांगायचीही लाज वाटली.

तर दोन प्रश्न. परवडेल असं समुपदेशन शोधायचं कुठे? आणि मधले चौदा आठवडे काढायचे कसे?

काजवा (मंगळवार, सकाळी ७:१५)

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. चौदा आठवड्यांपैकी किती गेले? काही झालं तरी यादीतलं नाव काढू नका. मी 'आता जरा बरं वाटतंय' म्हणून काढलं होतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा शेवटून सुरुवात केली. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

खिडकीपलीकडे (मंगळवार, सकाळी १०:४०)

रानजाई, मी एका समुपदेशन केंद्रात नावनोंदणीच्या खिडकीवर नऊ वर्षं काम केलं. त्यामुळे यादी आतून कशी चालते ते सांगते. बाहेरून ती एक लांबच लांब रांग वाटते, पण ती एक रांग नसतेच.

संध्याकाळी सहानंतरची आणि शनिवारची यादी वेगळी. ती सगळ्यात लांब, कारण नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला तीच वेळ हवी असते. मंगळवार-बुधवार सकाळी अकराला आमच्याकडे खोल्या रिकाम्या असायच्या. ठरावीक समुपदेशकच हवा असेल तर आणखी वेगळी यादी. गटाची वेगळी, जोडप्यांची वेगळी. तुम्हाला सांगितलेले चौदा आठवडे यातल्या नेमक्या कुठल्या यादीचे, हे विचारलंत का? ऑफिसातून आठवड्याला दोन तासांची सवलत मिळण्यासारखी असेल तर 'मला दुपारची वेळही चालेल, कुणीही समुपदेशक चालेल' हे वाक्य उद्याच फोन करून सांगा. एवढ्या एका वाक्यावर मी लोकांची नावं महिना-दीड महिना वर सरकवलेली आहेत.

दुसरं म्हणजे वाट दोनदा पाहावी लागते, आणि हे आधी कुणी सांगत नाही. एक वाट पहिल्या भेटीपर्यंतची, ज्यात सगळी माहिती घेऊन कुणाकडे पाठवायचं ते ठरतं. दुसरी त्यानंतर, नियमित सेशन सुरू होईपर्यंतची. चौदा आठवडे यातल्या कशाचे, ते विचारून घ्या.

तिसरी गोष्ट, रोज कुणीतरी येत नाहीच. पाऊस, ताप, ऐनवेळी निघालेली मीटिंग, काहीही कारण असतं. आमच्याकडे एक वेगळी वही होती, 'तासाभरात येऊ शकणारे' अशी. नऊ वर्षांत त्या वहीत आपणहून नाव लिहायला सांगणारी माणसं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तुमच्याकडे वही नसेल, कॉम्प्युटर असेल, पण रद्द झालेल्या वेळा सगळीकडे असतात. मागून घ्या. आणि त्या केंद्राचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. अनोळखी नंबर म्हणून लोक उचलत नाहीत. आम्ही दोनदा लावायचो आणि मग पुढच्या नावाकडे वळायचो.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नाव घालताना तुम्ही काय सांगितलंत? क्रम बऱ्याच ठिकाणी त्रास किती आहे त्यावर लागतो, आणि खिडकीवर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आपला त्रास कमी करून सांगतो. मागे लोक उभे असतात ना.

रानजाई (मंगळवार, दुपारी १:०५)

मी 'थोडा ताण आहे' असं सांगितलं होतं. मागे पाच-सहा जण होते. झोपेचं बोलले नाही, बाबांचं तर अजिबातच नाही.

खिडकीपलीकडे (मंगळवार, दुपारी १:२०)

मग पुन्हा फोन करा. 'त्या दिवशी मोकळेपणाने बोलता आलं नाही, माझ्या माहितीत भर घालायची आहे' एवढं म्हणा. किती आठवडे झोप नाही, कामावर काय परिणाम होतोय, घरात काय घडलंय, हे तीन वाक्यांत सांगा. यात कुणाचा नंबर हिसकावल्यासारखं काहीही नाही. खरी माहिती मिळाली तरच यादी नीट लागते.

शेवंती (मंगळवार, दुपारी ३:३०)

परवडण्याबद्दल माझा अनुभव. ज्या विद्यापीठांत आणि संस्थांत क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा समुपदेशन शिकवतात, त्यांच्यापैकी अनेक ठिकाणी प्रशिक्षण केंद्र असतं. शिकणाऱ्यांना ठरावीक तास प्रत्यक्ष माणसांबरोबर काम करावंच लागतं, त्यामुळे तिथे फी अगदी कमी असते, कधी नसतेच. यादीही बहुतेक वेळा लहान, कारण 'शिकाऊ नको' म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. मीही आधी नकोच म्हणाले होते.

मला मिळालेली मुलगी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती. पहिल्या दोन भेटींत तिच्या हातातली वही थरथरत होती, ते मला दिसत होतं. पण मागच्या वेळी मी बोललेला एकेक शब्द तिच्या लक्षात असायचा. मी एकदा घाईत म्हटलं होतं की आमच्या घरात रडणाऱ्याला खोलीबाहेर पाठवायचे. तिने तीन आठवड्यांनी ते हळूच परत समोर ठेवलं. माझं खरं काम तिथून सुरू झालं. त्याआधी एका नावाजलेल्या ठिकाणी मी भरपूर पैसे मोजले होते, आणि तिथे माझं नाव दोनदा चुकलं होतं.

रानजाई (मंगळवार, रात्री ९:१०)

शेवंती, हे वाचून बसूनच राहिले. पण शिकणारी व्यक्ती आपलं बोलणं तिच्या शिक्षकांना सांगते ना? मग गोपनीयतेचं काय? आणि ती कोर्स संपवून निघून गेली तर?

औदुंबर (मंगळवार, रात्री १०:४५)

रानजाई, मी अनेक वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं आणि नंतर शिकणाऱ्यांचं सुपरव्हिजनही, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख आणि मार्गदर्शन. आता निवृत्त आहे. तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि ते त्या केंद्रालाच पहिल्या भेटीत विचारायचे असतात.

शिकणारी व्यक्ती आपल्या सुपरव्हायजरशी केसबद्दल बोलते, हे खरं. ती गोपनीयतेचा भंग करत नाही, कारण हे तुम्हाला आधी सांगून तुमची संमती घेतलेली असते. मी तर म्हणेन, एका फीमध्ये दोन डोकी तुमचा विचार करत असतात. सेशनचं रेकॉर्डिंग करणार का, केलं तर कोण ऐकणार आणि कधी पुसणार, हे स्पष्ट विचारा. नको असेल तर नाही म्हणायचा हक्क तुमचा. निघून जाण्याचं म्हणाल तर ते होतं. 'तुम्ही इथे कधीपर्यंत आहात?' हा पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न आहे. शेवट कधी हे माहीत असेल तर कामालाही एक आकार येतो.

आता पैशांबद्दल. तुम्ही 'बघते' म्हणून फोन ठेवलात. त्या जागी असं म्हणून पाहा: 'मला तुमच्याकडे यायचं आहे, पण ही फी दर आठवड्याला झेपणार नाही. उत्पन्नानुसार कमी फीच्या काही जागा तुम्ही ठेवता का? नसतील तर अशा कुणाचं नाव सुचवाल का?' खासगी काम करणारे अनेक जण अशा दोन-चार जागा राखून ठेवतात. त्यांची पाटी लावत नाहीत, इतकंच. मी वीस वर्षं ठेवल्या. त्या भरायच्या कुणी विचारलं तर. न विचारणारे माझ्या माहितीतल्या सगळ्यात गरजू लोकांपैकी होते, हे मला फार नंतर उमगलं. आता ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो.

आणखी एक हिशेब. समुपदेशन म्हणजे वर्षानुवर्षांचं देणं, ही समजूत मनातून काढा. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीसारख्या (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या) पद्धती साधारण सहा ते वीस सेशनमध्ये बसतात. 'आपल्याकडे आठ सेशनचे पैसे आहेत, त्यात काय होऊ शकेल?' असा प्रश्न कुठलाही प्रामाणिक समुपदेशक मनावर घेईल. सुरुवातीची चार दर आठवड्याला आणि पुढची पंधरा दिवसांनी, अशी मांडणीही करता येते. पहिल्याच दिवसापासून महिन्यातून एकदा मात्र नको. दर वेळी मागच्या महिन्याच्या हकिगतीतच तास संपतो.

मुक्तछंद (बुधवार, सकाळी ८:२५)

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. शिकाऊ समुपदेशक, गट, स्वयंसेवक, हेल्पलाइन. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते थेट तज्ज्ञांकडे जातात, आणि नाहीत त्यांना हे सगळं सुचवलं जातं. दुखण्यातही दोन दर्जे का असावेत? माझ्या बहिणीला असंच इकडून तिकडे पाठवत राहिले. त्यात दीड वर्षं गेलं आणि शेवटी निदान वेगळंच निघालं.

औदुंबर (बुधवार, सकाळी ११:१५)

मुक्तछंद, राग कसला. बहिणीच्या बाबतीत झालं ते चुकीचंच झालं. तुम्ही ज्या अन्यायाकडे बोट दाखवताय तोही खरा आहे. पण 'तज्ज्ञ नाही म्हणजे कमअस्सल' हे मात्र तपासून पाहायला हवं, कारण ते तपासलं गेलेलं आहे.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ साली हरारेमध्ये 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ मूठभर, दवाखान्यात खोली नाही. मग दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले आणि आरोग्यसेविका म्हणून काम करणाऱ्या आज्यांना प्रशिक्षण दिलं. त्यांच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करत राहणं. आज्या त्याच शब्दाने बोलायला सुरुवात करत. माणसाच्या अडचणींची यादी करायची, त्यातली एक निवडायची, ती सोडवायचा मार्ग दोघांनी मिळून ठरवायचा. साधारण सहा भेटी. ५७३ लोकांवर केलेला त्याचा अभ्यास २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनंतर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांमध्ये ते प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही प्रशिक्षित पण मानसिक आरोग्याचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ भेटींचं काम केलं, आणि त्याचेही चांगले निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पाच भेटींची पद्धत प्रसिद्ध केली. तीही अशाच प्रशिक्षित साध्या माणसांनी चालवायची आहे.

यातला कळीचा शब्द 'प्रशिक्षित'. त्या आज्यांच्या पाठीशी सुपरव्हिजन होतं, आणि कुणाला पुढे तज्ज्ञांकडे पाठवायचं याचे नियम होते. ते नसेल तर तुमची शंका शंभर टक्के खरी.

मुक्तछंद (बुधवार, दुपारी १२:००)

आज्यांचं माहीत नव्हतं. मान्य. पण मग रानजाईंना हेही सांगा की कुठल्या परिस्थितीत असल्या मार्गांवर थांबायचं नाही. आम्हाला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

औदुंबर (बुधवार, दुपारी १२:४०)

बरोबर, ते राहिलंच. कुणालाच ऐकू येत नाहीत असे आवाज ऐकू येणं, लोक कट करताहेत अशी पक्की खात्री असणं, दोन-तीन तासांच्या झोपेवर दिवसेंदिवस अफाट उत्साह आणि वारेमाप खर्च, खाणं जवळजवळ बंद होणं, व्यसन हाताबाहेर जाणं, बाळंतपणानंतर आईचं वागणं एकाएकी बदलणं. इथे समुपदेशनाच्या यादीत थांबायचंच नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. बाळंतपणानंतरच्या बदलात तर त्याच दिवशी. आणि सहा-आठ भेटींनंतर काहीच हलत नसेल तर समुपदेशकाने स्वतःहून 'आपण पुढे कुणाला तरी दाखवू' म्हणायला हवं. नाही म्हणाला तर तुम्ही म्हणा.

तळटीप (बुधवार, दुपारी ४:२०)

मधल्या काळात फॅमिली डॉक्टरांना एकदा भेटा. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यातही थकवा, उदासी, लक्ष न लागणं असंच सगळं दिसतं. साध्या रक्ततपासणीत कळतं. गरज असेल तर औषधही तेच सुरू करू शकतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात.

डॉक्टरांकडे जाताना पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली भरून न्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, फुकट, पाच मिनिटांचं काम. १० किंवा जास्त आले तर दुर्लक्ष करू नये असं मानतात. त्याने निदान होत नाही, पण 'थोडा ताण आहे' यापेक्षा डॉक्टरांना खूप जास्त कळतं. दर पंधरा दिवसांनी भरून तारीख घालून ठेवलंत तर चढ-उतारही दिसतील.

अबोली (बुधवार, रात्री ११:३०)

त्या नऊ प्रश्नांतल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहायचं म्हणून लॉगिन केलं.

तो प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. दोन वर्षांपूर्वी मी अशीच एका यादीत होते. तो प्रश्न मी दर वेळी 'अजिबात नाही' असा भरायचे आणि ते खरं नव्हतं. मला वाटायचं, माझी तारीख ठरलीये, तोपर्यंत कुणाला त्रास द्यायचा नाही. यादीत नाव असणं म्हणजे काळजी घेतली जाणं असा मी अर्थ लावला होता. पण यादीतल्या माणसाकडे कुणी पाहत नसतं. मधल्या एका रात्री गोष्ट फार पुढे गेली. मावशीचा सहज फोन आला आणि मी तो उचलला, म्हणून आज हे लिहितेय.

म्हणून रानजाई, आणि हे वाचणारं दुसरं कुणीही: तसे विचार येत असतील तर ती रांग तुमच्यासाठी नाही. त्याच दिवशी हेल्पलाइनला फोन करा, किंवा कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे 'मला जगावंसं वाटत नाही आणि मला एकटीला राहायची भीती वाटते' एवढं म्हणायचं. अपॉइंटमेंट लागत नाही. घरातल्या जास्तीच्या गोळ्या वगैरे दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. आणि एका माणसाला आधीच सांगून ठेवा की मी नुसता 'ये' असा मेसेज केला तर प्रश्न न विचारता ये. मला मावशी होती. ती आजही आहे.

रानजाई (गुरुवार, सकाळी ६:५०)

अबोली, पहाटे वाचलं. माझे विचार तिथपर्यंत गेलेले नाहीत. गेले तर सांगेन, हे मी आत्ताच मैत्रिणीला फोन करून सांगितलं. तुझ्यामुळे सांगितलं. थँक्यू.

काजवा (गुरुवार, रात्री ८:००)

उशीर झाला, पण दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण अकरा आठवडे मीही काढलेत.

जागतिक आरोग्य संघटनेचं ताणाच्या काळासाठी एक सचित्र पुस्तक आहे, 'डुइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस', २०२० सालचं. मोफत उतरवून घेता येतं, अनेक भाषांत आहे, सोबत ऐकायचे सरावही आहेत. पाच कौशल्यं, रोज थोडा वेळ. एकट्याने केलं तेव्हा माझं दोन दिवसांत बारगळलं. मग भावाला म्हटलं, दर रविवारी मला पंधरा मिनिटं फोन कर आणि एवढंच विचार की काय केलंस, काय जमलं नाही. सल्ला देऊ नकोस. त्याने एकही रविवार चुकवला नाही. माझ्यासाठी अर्धं औषध तो फोन होता. नंतर समुपदेशक म्हणाल्या की स्वतःच्या स्वतः करण्याच्या पद्धती कुणीतरी नियमित विचारपूस करणारं असलं की जास्त लागू पडतात.

रात्रीच्या विचारांसाठी एक साधी गोष्ट. संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं वही घेऊन बसायचं आणि सगळ्या काळज्या मुद्दाम करायच्या. दिवसभरात एखादी आली की 'साडेसहाला' म्हणून चिठ्ठीवर लिहून ठेवायची. पहिला आठवडा काही वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात साडेसहाला लिहायला दोनच गोष्टी उरल्या. पहाटे जाग आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं आणि झोप आली की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं.

आणि रोज एक काम, मन लागो न लागो. 'बरं वाटलं की करीन' हे उलटं धरायचं: आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं. माझं काम होतं झाडांना पाणी घालणं. बाकी काही नाही झालं तरी तेवढं झालं.

वाटसरू (गुरुवार, रात्री ९:३०)

रात्री तीनला माणूस कुठून आणायचा? मी हल्ली मोबाइलवरच्या चॅटबॉटशी बोलतो. चूक आहे का?

औदुंबर (गुरुवार, रात्री १०:१५)

चूक म्हणणार नाही. १९६६ साली संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा अगदी साधा संवाद करणारा प्रोग्रॅम लिहिला. तो नुसता प्रोग्रॅम आहे हे माहीत असूनही त्यांच्या सेक्रेटरीने 'जरा बाहेर थांबता का' म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. आपलं ऐकणारं कुणीतरी हवं ही ओढ इतकी मोठी. मनातलं मांडायला, झोपेचे नियम समजून घ्यायला वापरा. पण ते यंत्र तुमचं म्हणणं उचलून धरण्याकडे झुकतं, तुमचा चेहरा पाहत नाही, आणि तुम्ही गप्प झालात तर दाराशी येत नाही. रात्री तीनला बोलायला रात्रभर चालणारी हेल्पलाइन शोधून ठेवा. जीव द्यायचा विचार असेल तरच तिथे फोन करायचा, असं अजिबात नाही.

शेवंती (शुक्रवार, दुपारी २:१०)

स्वस्त म्हणून कुणाकडेही जाऊ नका, एवढं जोडते. शिक्षण कुठून, किती वर्षांचं, सुपरव्हिजन कुणाचं, हे विचारलं की चिडणारा माणूस आपला नव्हे. दोन दिवसांच्या कार्यशाळेवर पाटी लावणारे असतात. 'तीन सेशनमध्ये गॅरंटी', पहिल्याच दिवशी वीस सेशनचे पैसे आगाऊ, मोबाइलवर दुसऱ्यांच्या केसेस नावानिशी सांगणं, यातलं काहीही दिसलं की उठून या. मी एका ठिकाणाहून उठले नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नोकरी करता ना? एचआरला विचारा, कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय आहे का. अनेक कंपन्यांनी बाहेरच्या संस्थेशी करार केलेला असतो आणि ठरावीक सेशन फुकट मिळतात. कुणाला माहीतच नसतं. कंपनीला नाव कळतं का, काय कळतं, ते मात्र आधी लेखी विचारून घ्या.

औदुंबर (शुक्रवार, संध्याकाळी ६:३०)

रानजाई, एक गोष्ट खरं तर मी आधीच लिहायला हवी होती. तुमचं मूळ दुःख वडिलांचं आहे. शोक हा आजार नव्हे. तो फार काळ आणि फार तीव्र राहिला, रोजचं जगणंच अडलं, तर आता त्याला वेगळं निदान आहे. त्यासाठी आयसीडी-११ ही जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी किमान सहा महिने धरते, तर डीएसएम हे अमेरिकेतलं मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक मोठ्या माणसांसाठी बारा. तुमचं तसं आहे की नाही हे इथून कुणी सांगू नये. पण नाव नोंदवताना 'वडील गेले' हे सांगणं का गरजेचं, ते यावरून कळेल. शोक करणाऱ्यांचे आधारगट वेगळे असतात, बहुतेक विनामूल्य. त्यांना यादी नसते किंवा लहान असते. तिथे तुम्हाला काही समजावून सांगावं लागत नाही.

रानजाई (सहा आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:४५)

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना कळवणं माझं कर्तव्य आहे.

त्याच शुक्रवारी रुग्णालयात पुन्हा फोन केला. 'त्या दिवशी मोकळेपणाने बोलता आलं नाही' हे वाक्य कागदावर लिहून, त्याकडे बघत बोलले. पलीकडच्या बाई थांबून ऐकत होत्या. त्यांनी माझी नोंद बदलली, दुपारची वेळ चालेल असं लिहून घेतलं. चौदा आठवडे नियमित सेशनसाठीचे होते, पहिली भेट त्याआधीच होणार होती. ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. अठरा दिवसांनी सकाळी साडेनऊला फोन आला, 'अकराला येऊ शकाल का?' ऑफिसात काय सांगितलं ते आठवतही नाही, गेले. आता नियमित वेळेची वाट पाहतेय, पण नाव बरंच वर आलंय.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-१२ खरंच बरंच कमी निघालं, त्याचे उपचार चालू आहेत. पीएचक्यू-९ पहिल्या वेळी १६ होतं, परवा ११ आलं.

शोकगटात तीनदा गेले. पहिल्यांदा एक शब्द बोलले नाही. दुसऱ्यांदा एका आजोबांनी सांगितलं की ते अजून बायकोच्या मोबाइलचं बिल भरतात, तिचा आवाज येतो म्हणून. मग मी बाबांच्या चष्म्याचं सांगितलं. तो मी अजून रोज पुसून ठेवते, हे आईलाही माहीत नव्हतं.

फी ऐकून ज्यांचा फोन ठेवला होता, त्यांनाही फोन केला. औदुंबर काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्यांच्याकडे कमी फीची जागा सध्या नाहीये. पण त्या अजिबात वाईट बोलल्या नाहीत, एका प्रशिक्षण केंद्राचं नाव दिलं. तिथे येत्या गुरुवारी पहिली भेट आहे. 'तुम्ही इथे कधीपर्यंत आहात?' हा प्रश्न वहीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवलाय.

रविवारचा फोन मैत्रीण करते. काजवा, तिला सल्ला द्यायचा नाही हे जमत नाही, पण फोन ती चुकवत नाही. आत्ता पाचला येईल.

अबोली (रविवार, दुपारी ४:५५)

बोलून घे आधी. आम्ही आहोत इथे.